हातांची नावं

समोरच्या बाकावर बसलेली मुलगी वाती वळत होती.

पुष्पांजलीला आधी त्यात काही वेगळं वाटलंच नाही. घरात रोज दिसणारी गोष्ट बाहेर दिसली की डोळा तिला ओळखीची म्हणून सोडून देतो, तसा तिचा डोळा पुढं भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यावर गेला, आणि मग दचकून मागं आला. ही मुलगी आपली नाही. आपली रेवती आपल्या मांडीवर आहे, तिला तिसरं लागलंय, आणि तीसुद्धा वाती वळते आहे. समोरची चांगली अकरा-बारा वर्षांची होती. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, मान किंचित डावीकडे कललेली, आणि छातीसमोर दोन हात एकमेकांत. उजवा तळवा डाव्यावरून खाली यायचा, बोटं गुंतायची, सुटायची, हात क्षणभर तोंडाशी जायचा, ओला होऊन परत. तोच वेग. तोंडाशी नेण्याची तीच लकब, जिच्याबद्दल घरी सासूबाई म्हणायच्या, पाहा कशी बोट ओलं करून घेते, शिकवावं नाही लागलं. पुष्पांजली त्या हातांकडून आपल्या मांडीवरच्या हातांकडे पाहत राहिली. एकाच मास्तरांनी दोन पोरींना एकच कवायत शिकवावी, तसं होतं ते. मुलीच्या बापानं तिचं पाहणं पाहिलं. तो वडनेर भोलजीहून आला होता, नाव कडूबा, हे त्यानं न विचारता सांगितलं. पहाटेची गाडी धरली, घाटात पोरीनं ओकलं, अकोल्याच्या डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा बुलढाण्याला बसतात म्हणून बरं, नाहीतर कुठं फिरावं. मग मुलीच्या हातांकडे मान उडवून तो म्हणाला, "आमची पूनम भाकरी करते, ताई. सकाळपासून थापून राह्यली. एक बी भाजली नाही अजून."

त्याची बायको खिडकीकडे पाहत होती. हा विनोद तिनं वर्षानुवर्षं ऐकला असणार; त्यावर हसायचंही तिनं सोडलं होतं आणि रागवायचंही. "अन् तुमची?" कडूबानं विचारलं. वाती वळते, हे शब्द पुष्पांजलीच्या अगदी ओठांवर आले होते. गेल्या वर्षभरात ती ते कितीतरी लोकांना सांगत आली होती, ऑफिसात, लग्नात, किराणा दुकानात. आता ते तिथंच अडकले. "अशीच करते," ती म्हणाली, आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत तिनं ओढणीचं टोक ओढून रेवतीचे हात झाकले. ओढणीखाली ते चालूच राहिले. पिशवीत घातलेल्या मांजराच्या पिल्लासारखे.

झालं होतं ते असं. रेवतीची आजी, म्हणजे पुष्पांजलीच्या सासूबाई अन्नपूर्णाबाई, उंद्रीची लेक. तिनं लाखवातींचा संकल्प सोडला होता. येत्या अधिक महिन्यात एक लाख वाती तुपात भिजवून देवापुढं लावायच्या, आणि त्या विकतच्या नाहीत, स्वतःच्या हातानं वळलेल्या. कापूस तिच्या माहेरच्या वावरातला यायचा. ती जेवणं आटोपली की पडवीत चटईवर बसायची, शेजारी बोटांना लावायच्या राखेची वाटी, समोर पिंजलेल्या कापसाचा ढीग, आणि त्या ढिगापलीकडे रेवती. पुष्पांजली माती परीक्षणाच्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला. नवरा देवेश कोर्टात कारकून. दिवसभर घरात ह्या दोघीच. आजी वळायची आणि बोलायची. बोलण्याला तिला समोरच्याचं उत्तर लागत नसे. उंद्रीच्या विहिरीपासून शेजारच्या योगिनीच्या वाळत घातलेल्या पापडांपर्यंत सगळं ती त्या पोरीला सांगत असे. आणि एके दिवशी पोरीनं दोन तळवे एकमेकांवर घासले. आजीनं गंमत म्हणून त्यात कापसाची चिमूट ठेवली. हात घासले गेले, कापूस पिळला गेला, आणि वात नाही तरी वातीसारखं काहीतरी चटईवर पडलं. अन्नपूर्णाबाईंनी ते उचललं, दोन बोटांनी सरळ केलं आणि आख्ख्या गल्लीला हाक मारली. पुष्पांजली संध्याकाळी घरी आली तेव्हा पडवीत बायका जमलेल्या होत्या आणि देवापुढच्या निरांजनात तिच्या मुलीची पहिली वात जळत होती. योगिनीनं मोबाइलवर त्याचं चित्रण केलं, ते नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलं, पुण्याच्या आत्येसासूंनी त्यावर हात जोडल्याची ओळीनं सहा चित्रं टाकली. मागच्या जन्मीचं काहीतरी राहिलेलं दिसतं, असं कुणीसं म्हणालं. देवेशनं तो व्हिडिओ कोर्टात न्यायाधीश सोडून सगळ्यांना दाखवला.

ह्या सगळ्या कौतुकात शब्द कधी गेले ते कुणाला कळलं नाही. रेवतीला शब्द होते. फार नव्हते, पण होते. काऊ होतं, दे होतं, मम होतं, आणि आई होतं, ते 'आ' वर बराच वेळ रेंगाळून मग एकदम 'ई' वर उडी मारणारं. घरातलं माणूस उठून बाहेर गेलं तर दार वाजतं. शब्द गेल्यावर काहीच वाजत नाही. काऊ आधी गेलं की दे, हे आता पुष्पांजली किती वेळा आठवून पाहायची, पण तिला आठवायचा तो फक्त एक दिवस, ज्या दिवशी तिच्या लक्षात आलं की बरेच दिवसांत आपल्याला कुणी हाक मारलेली नाही. तिनं सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कामात आहे ती. कामातलं माणूस बोलते काय?" आणि हे पुष्पांजलीला पटलं होतं. पटवून घेतलं होतं म्हणा. कारण ते पटलं नाही तर पलीकडे जो प्रश्न होता, तो तिनं कुणाला म्हणजे कुणालाच सांगितला नव्हता, नवऱ्यालाही नाही. ऑफिसातून येऊन ती रेवतीला उचलायची तेव्हा मूल अंगाला अंग देई, पण ते उशीलाही दिलं असतं. नजर तिच्या खांद्यावरून कुठंतरी जाई. मी हिची आई आहे, हे हिला माहीत आहे का? पोरगी वातींत गुंतलेली असेल तर माहीत आहे आणि सध्या सवड नाही एवढंच. पण ती वाती वळत नसेल, तर?

समोर कडूबाच्या पूनमनं आणखी एक भाकरी थापली. ह्या पोरीच्या घरी कापूस नव्हता, संकल्प सोडलेली आजी नव्हती, तरी हात तेच. म्हणजे हात वातींसाठी नव्हतेच. वाती हातांसाठी आल्या होत्या.

डॉक्टरीणबाई वयानं तिच्याहून लहान होत्या, आणि बोलताना पेनाचं टोपण सारखं काढत-घालत होत्या. रेवतीचं रक्त मागच्या खेपेला घेतलं होतं. त्याचा निकाल आला होता. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, रेट सिंड्रोम, आणि नावावर फार न थांबता पुढं गेल्या. मेंदूतल्या पेशींना झाडासारख्या फांद्या फुटतात, म्हणाल्या, एकीची फांदी दुसरीला जाऊन लागते आणि त्या लागण्यातूनच बोलणं, चालणं, हात पुढं करणं होतं. फांद्या फुटाव्यात म्हणून मेंदू स्वतःच वाढीची द्रव्यं बनवतो. ती केव्हा, किती बनवायची ह्यावर देखरेख करणारा एक जीन असतो; रेवतीच्या त्या जीनमध्ये एका अक्षराइतकी चूक आहे. ती चूक तुमच्या घराण्यातली नाही, तुम्ही गरोदरपणात काय खाल्लं, काय पाहिलं, कुठं गेलात ह्याची नाही. पहिलं वर्ष-दीड वर्ष मूल ठीक वाढतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मग वाढ अडखळते, हातातली कामं जातात आणि त्यांच्या जागी हे येतं. हे म्हणताना त्यांनी रेवतीच्या हातांकडे पाहिलं, आणि घरी तुम्ही ह्याला काय म्हणता, असं विचारलं. पुष्पांजलीनं सांगितलं. तिला वाटलं होतं त्या हसतील. त्यांनी टोपण पेनाला लावलं आणि म्हणाल्या, प्रत्येक घरात काहीतरी म्हणतात. कुणी म्हणतं हात धुते, कुणी म्हणतं टाळ्या वाजवते. नाव दिल्याशिवाय राहवत नाही माणसाला.

पुष्पांजली दिवसभर शेतकऱ्यांना नत्र, स्फुरद, पालाश समजावून सांगणारी बाई. तिनं तिच्या सवयीचा प्रश्न विचारला. कमी आहे तर बाहेरून देता येतं का? विचारताना तिला तिच्या खिडकीशी उभे राहणारे सगळे आठवले, जे कागदाकडे न पाहता विचारायचे, मॅडम, किती पोती टाकू? आणि ती कंटाळून सांगायची की काका, जमिनीत असून पिकाला लागत नाही, नुसतं टाकून काय होणार. डॉक्टरीणबाईंनी थोड्याफार तिच्याच आवाजात सांगितलं की ते द्रव्य टोचलं तर रक्तातून मेंदूत शिरत नाही. अमेरिकेत एक औषध निघालंय, वाढीच्या अशाच एका द्रव्याच्या तुकड्यावरून बनवलेलं. थोडा फरक पडतो म्हणतात, बरं होत नाही. उंदरांवर बरंच काही चाललंय. पुष्पांजलीनं मान हलवली. तिला एकदम आपल्या खिडकीपलीकडे उभं राहून पाहायला मिळालं होतं, आणि तिथून ती खिडकी बरीच उंच होती. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. आत मेलेलं काही नाही. पेशी सगळ्या आहेत. फांद्या कमी आहेत."

त्यांनी काय करायचं तेही दाखवलं. कोपराला कापडी पट्ट्या रोज थोडा वेळ बांधायच्या, म्हणजे हात एकमेकांपासून सुटतील आणि कशालातरी पुढं होतील. आणि डोळे. ह्या मुलींचे हात गेले, तोंड गेलं, तरी डोळे राहतात. डोळ्यांनी विचारा, डोळ्यांनी सांगू द्या. दोन वस्तू दोन बाजूंना धरायच्या, काय हवं विचारायचं आणि थांबायचं. पुरे झालं असं वाटेल, त्याच्यापुढंही थांबायचं. त्यांनी एका हातात रबरी चेंडू आणि दुसऱ्यात चमचा धरला. रेवतीनं बराच वेळ वरच्या पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

घरी आल्यावर सांगायचं काम तिच्यावरच आलं. देवेशला तिनं फोनवर थोडक्यात सांगितलं होतं. तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून रिक्षानं आला आणि जयस्तंभ चौकातून आणलेली जिलबी ओट्यावर ठेवून, ती का आणली हे स्वतःलाच न कळल्यासारखा उभा राहिला. अन्नपूर्णाबाई चटईवर बसून वळत होत्या. पुष्पांजलीनं त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, फांद्या, द्रव्य, चूक, आणि वडनेरची पूनम. पूनमचं सांगताना तिनं हात करून दाखवले. सासूबाईंचे हात मध्येच थांबले. आतापर्यंत त्या देवाचं नाव घेत, चालायचंच असं म्हणत ऐकत होत्या. भाकरीशी आल्यावर त्यांना कळलं. वेगळ्या ठेवलेल्या नातीच्या वातींचा डबा त्यांनी उघडला आणि विचारलं, "मंग ह्या कोणाच्या?"

"तुमच्याच, आत्याबाई," पुष्पांजली म्हणाली. "तिच्या हातात नुसता कापूस होता. सरळ तुम्हीच करत होत्या."

ती हे मऊपणानं म्हणाली होती, पण काही वाक्यांना मऊ बाजूच नसते. अन्नपूर्णाबाईंनी डबा मिटला. "पोरगी हातानं बेजार," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "अन् मी शाबास म्हणून राह्यले." त्या उठल्या, कापसाचं गाठोडं बांधलं, देवेशला ते माळ्यावर टाकायला लावलं, आणि उंद्रीला भावाला फोन करून कापूस आता पाठवू नको म्हणून सांगितलं. काऊन, असं त्यानं विचारलं असावं. त्यांनी गुडघे दुखतात असं उत्तर दिलं, जणू वाती गुडघ्यांनी वळतात.

त्यानंतर त्यांनी रेवतीसमोर बसणं सोडलं. भांडण नाही, अबोला नाही. स्वयंपाक वेळेवर, पोरीचा वरणभात मऊ कालवून वाटीत तयार, पण भरवायला देवेश नाहीतर पुष्पांजली. दुपारच्या वेळेसाठी योगिनीच्या ओळखीची एक बाई ठेवली, ती पोरीला बसवायची आणि मोबाइल पाहायची. आजी मागच्या खोलीत, नाहीतर ओट्याशी, नेहमी पाठमोरी. पुष्पांजलीच्या लक्षात यायचं की घर शांत झालंय. ह्या शांततेत आजीच्या त्या अखंड बोलण्याची जागा एवढी मोठी असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. पूर्वी तर ऑफिसातून आल्यावर ते ऐकून तिचं डोकं उठायचं. उंद्रीच्या विहिरीचं काय झालं, हे तिला आता कधीच कळणार नव्हतं. चिडायचं म्हटलं तरी कुणावर? सासूबाई लाजल्या होत्या. पासष्टीच्या पुढच्या बाईला लाज वाटली की ती चेहऱ्यावर येत नाही, पाठीवर येते.

पुष्पांजली पट्ट्या बांधायची. हात सुटे व्हायचे आणि रेवती रडायची, मग थांबायची. दोन हात बाजूंना लोंबत राहायचे, भांडून वेगळ्या निघालेल्या जावांसारखे, एकमेकींकडे न बघता एकमेकींची चाहूल घेत. पट्ट्या सोडल्या की पुन्हा गळामिठी. पुष्पांजली त्या हातांना आता काहीच म्हणत नव्हती. आणि ती चेंडू आणि चमचा धरून थांबायची. थांबणं तिला येत नव्हतं. कधी नजर चमच्यावर पडल्यासारखी वाटायची, पण तिथून खिडकीही जवळ होती. कधी चेंडूवर, पण चेंडू आधी हलला होता. आपण पाहतोय ते ती पाहते म्हणून, की आपल्याला हवंय म्हणून? एका घरानं कापसात वात पाहिली होती. दुसऱ्यांदा तसं होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून ती स्वतःवरच विश्वास ठेवीना. खरं तर चेंडू आणि चमच्याचं तिला काही नव्हतं. तिला एकच विचारायचं होतं, आणि ते विचारायला ती घाबरत होती.

एका रविवारी सकाळी देवेश घरी होता तेव्हा तिनं ते विचारायचं ठरवलं. रेवतीला खुर्चीत नीट बसवलं, पट्ट्या बांधल्या, देवेशला डाव्या हाताला बसवलं आणि स्वतः उजव्या हाताला बसली. "मी काय करू?" देवेशनं विचारलं. काही करू नका, ती म्हणाली, नुसतं बसा. त्याला ते कोर्टाच्या सवयीनं चांगलं जमत होतं. मग तिनं मुलीला विचारलं, "रेवा, कोण पायजे? बाबा? का आई?" आणि ती थांबली. बाहेर कुणीतरी गाडीला किक मारत होतं, ती लागली आणि गेली. रेवतीची नजर छताला गेली, तिथून खाली आली, देवेशवरून सरकली, आणि पुष्पांजलीवरूनही सरकली. ती दोघांच्या मधून मागं गेली आणि तिथं राहिली. मागं स्वयंपाकघराचं दार होतं. पंखा, पुष्पांजलीला वाटलं, दवाखान्यातला तो बंद पंखा. तिला उठून जावंसं वाटलं. पण नजर तिथून हलत नव्हती, आणि मुलीची मान, जी नेहमी कललेली असायची, सरळ झाली होती. पुष्पांजलीनं वळून पाहिलं. दारातून अन्नपूर्णाबाईंची पाठ दिसत होती. त्या मेथी निवडत होत्या.

तिनं खुर्ची फिरवली. देवेशला वाटलं संपलं, तो उठायला लागला. तिनं त्याला हातानं बसवलं. आता दार मुलीच्या एका कुशीला आलं. तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा थांबली. ह्या वेळी तिला थांबणं जड गेलं नाही, कारण उत्तर काय यावं ह्याची तिला भीती वाटत नव्हती, ती फक्त पाहत होती. नजर निघाली, अडखळली, वाट चुकल्यासारखी भिंतीवर गेली, आणि मग हळूहळू, मानेला ओढत घेऊन, दाराशी पोचली. पाठीवर. तिनं तिसऱ्यांदा खुर्ची फिरवली, दार आता दुसऱ्या अंगाला. नजर पुन्हा निघाली.

म्हणजे मुलगी आत होती. आत होती, शुद्धीवर होती, तिला विचारलेलं कळत होतं, आणि दिलेली दोन्ही नावं नाकारून तिसरं सांगण्याइतकी ती ह्या घराच्या वळणावर गेली होती. वर्षभर दुपारभर तिच्यासमोर जो चेहरा होता, तो तिला हवा होता. वातींशी तिला घेणंदेणं नव्हतं. कापसाच्या ढिगापलीकडे कुणीतरी बसून आपल्याशी बोलतंय, एवढंच तिनं त्यातून उचललं होतं.

पुष्पांजली स्वयंपाकघरात गेली. "आत्याबाई," ती म्हणाली, "ती तुम्हाले बोलावून राह्यली."

"ते कुठं बोलते," अन्नपूर्णाबाई मेथीकडे पाहत म्हणाल्या.

"बोलते. तीनदा बोलली. तुम्ही पाठ करून बसल्या."

अन्नपूर्णाबाईंचा हात जुडीवर थांबला. "मी काय करू तिच्यापुढं बसून? कापूस बी नाही."

"कापूस नाही मागितला तिनं."

मग त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि अनोळखी घरी चाललेल्या पाहुणीसारख्या हळूहळू जाऊन खुर्चीसमोर जमिनीवर बसल्या. नजर त्यांच्याबरोबर दारापासून खुर्चीपर्यंत आली होती. देवेशनंही ती पाहिली, आणि तो उठून पडवीत गेला. अन्नपूर्णाबाईंनी रेवतीकडे पाहिलं. काय बोलावं ते त्यांना सुचेना. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. मग त्या खाकरल्या आणि म्हणाल्या, "त्या योगिनीनं ह्या वर्षी पापड घातलेच नाहीत व. सांगते तुले काऊन."

पुष्पांजली ओट्याशी येऊन उरलेली मेथी निवडायला लागली. पलीकडून बोलणं ऐकू येत होतं, आधी चाचरत, मग सरळ. आनंद झाला होता. तो एवढा होता की त्याला हात लावायची तिला भीती वाटत होती. आणि त्याच्या बाजूला आणखी काहीतरी होतं, बारीक, टोचणारं, बराच वेळ तिला ते ओळखू येईना. मग ओळखू आलं. तिला राग आला होता. नऊ महिने पोटात वाढवली मी, जागरणं माझी, दवाखाने माझे, पट्ट्या बांधून रडवायची पाळी माझ्यावर, आणि विचारलं तर हिला आजी पाहिजे. गल्लीतली कुठलीही बाई कट्ट्यावर बसून जे गाऱ्हाणं करते, शब्दाला शब्द तेच. इतक्या दिवसांनी तिला तसला राग आला होता, चारचौघींसारखा, जित्याजागत्या आणि हट्टी मुलीच्या आईला येतो तो. तिनं एक काडी मोडली, पानं भांड्यात टाकली, आणि तो राग लवकर जाऊ नये म्हणून अगदी सावकाश दुसरी काडी उचलली.